लखोटेराव आणि पंखावरची रेती

ज्या बुधवारी लखोटेरावांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली, त्या बुधवारी ते कचेरीतच बसून राहिले असते तर सगळ्यांचंच भलं झालं असतं, असं त्यांच्या बायकोचं मत आहे. बाई शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे त्यांची मतं सहसा बरोबर येतात. पण रजा मंजूर झाली होती, आणि मंजूर झालेली रजा परत करायची पद्धत दप्तरखान्यात नाही.

लखोटेराव हे नाव इमारतीने ठेवलेलं. सरकारी दप्तरखान्यात सत्तावीस वर्षं काढल्यावर माणसाला काही सवयी जडतात. यांना लखोट्यांची जडली. कचेरीतले वापरलेले लखोटे उलटे चिकटवून ते घरी आणत आणि घरातली कुठलीही सुटी वस्तू त्यात घालून वर तपशील लिहीत. काय, कुठे सापडलं, कधी, कारण काय, आणि खाली सही. ‘कोटाचे बटण. पलंगाखाली. कारण: धागा जुना.’ ‘किल्ली. कशाची ते माहीत नाही.’ लेकीचे दुधाचे दातसुद्धा कपाटात तारीखवार लागले होते. लिहिताना चुकलंच तर खाडाखोड करायची नाही, असा त्यांचा दंडक. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला छोटी सही करून तारीख टाकायची. ‘चूक लपवणं ही दुसरी चूक,’ असं ते लेकीला ती पाचवीत असल्यापासून सांगत आले होते.

ही लेक आता विद्यापीठात मेकॅनिकल आणि एरोस्पेस इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. शाळा संपेपर्यंत तिचा अभ्यास त्यांनी घेतला. पुढे कॉलेजच्या पहिल्याच महिन्यात तिने एक गणित समोर ठेवलं. त्यात आकडे जवळजवळ नव्हतेच, नुसती अक्षरं, आणि तीही उलटीसुलटी. लखोटेरावांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि ‘छपाई बरी नाही’ असं म्हणून वही परत दिली. त्यानंतर तिने काही विचारलं नाही. चार वर्षं ते तिच्या टेबलाच्या बाजूने मांजरासारखे जात-येत होते, आणि ‘काही लागलं तर सांग’ म्हणत होते. काही लागत नसे. माणसाला आपली गरज उरली नाही हे कळायला फार अक्कल लागत नाही, ते मान्य करायला मात्र लागते.

आणि मग एका सोमवारी ती म्हणाली, “बाबा, हा फॉर्म तेवढा बघाल का? मला नाही कळत.”

फॉर्म! लखोटेरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला. लेकीने प्रोजेक्टसाठी दीड हात लांबीचा विमानाचा पंख केला होता. थर्माकोल कोरून, वर पातळ कागद चिकटवून. महिनाभर तो जेवणाच्या टेबलावर होता आणि घरातली माणसं पलंगावर मांडी घालून जेवत होती. गुरुवारी सकाळी दहाला तो विद्यापीठाच्या विंड टनेलमध्ये, म्हणजे लखोटेरावांच्या भाषेत वाऱ्याच्या बोगद्यात, बसवून वारा सोडायचा होता. चाळीस मिनिटं मिळणार होती. पुढची पाळी दोन महिन्यांनी, आणि प्रोजेक्ट द्यायची तारीख तीन आठवड्यांवर. म्हणजे गुरुवार हुकला की वर्ष गेलं. त्या चाळीस मिनिटांसाठी हा फॉर्म, दोन प्रतींत, तीन सह्यांसह.

“तू पंखाचं बघ,” लखोटेराव म्हणाले, “कागदाचं माझ्यावर सोड.”

बुधवारी रजा टाकून ते विद्यापीठात गेले. एक सही करणारे जागेवर नव्हते, दुसरे जागेवर होते पण पेन नव्हतं, आणि तिसऱ्या बाईंनी सही केली ती चुकीच्या रकान्यात. अशा ठिकाणी सामान्य माणूस हताश होतो; लखोटेरावांना माहेरी आल्यासारखं वाटलं. दोन तासांत तिन्ही सह्या आणि एक शिक्का घेऊन ते घरी परतले. घरात कोणी नव्हतं. बायको शाळेत, लेक कॉलेजात. त्यांनी स्वतःपुरता चहा केला, खुर्चीत बसले आणि फॉर्मच्या मागच्या बाजूच्या अटी वाचायला घेतल्या. फॉर्मची मागची बाजू वाचणारा माणूस जगात विरळा. लखोटेराव आधी मागचीच वाचत; त्या दिवशी तेवढा क्रम चुकला होता.

कलम सात असं होतं: ‘नमुन्याचा पृष्ठभाग स्वच्छ असावा. सुटी धूळ, रेती अथवा अन्य कण आढळल्यास नमुना नाकारण्यात येईल.’

त्यांनी सहज टेबलाकडे पाहिलं. टेबलावर पंख, पंखाशेजारी खिडकी, खिडकी सताड उघडी. खिडकीबाहेर शेजारच्या नव्या इमारतीचं काम चाललेलं आणि रेतीचा ढीग पहिल्या मजल्याला टेकलेला. ती खिडकी सकाळी पेपर वाचायला त्यांनीच उघडली होती. लावायची राहिली होती. ते उठून जवळ गेले. पंखाच्या नाकाडापासून जरा मागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटभर रुंदीची रेती चिकटली होती.

लखोटेरावांनी खिडकी धाडकन लावली. चार वर्षांत एकदा लेकीने काम सांगितलं, आणि आपण खिडकी उघडी टाकून तिचं वर्ष घालवलं!

टेबलाच्या कडेला लेकीने चिठ्ठी लावली होती, ‘हात लावू नये’. ती त्यांनी वाचली. पण चिठ्ठीवर तारीख नव्हती, सही नव्हती, कोणासाठी आहे तेही नव्हतं. अशा सूचनेला दप्तरखान्यात काडीची किंमत नाही. तरीही ते थोडे घुटमळले. फोन करून विचारावं का? पण फोन केला की खिडकीचं सांगावं लागणार. ती यायच्या आत साफ करून टाकलं तर तिला कळणारही नाही, काळजीही नाही. चूक लपवणं ही दुसरी चूक हे वाक्य त्या वेळी त्यांना आठवलं नाही. उपदेशाची वाक्यं दुसऱ्याच्या वेळी बरोबर आठवतात.

त्यांनी आधी फुंकर मारली, मग रुमालाने झटकलं. रेती हलेना. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर पेपर मागायला आले. पेपर ते रोज तीन वाजता मागत, म्हणजे बातम्या थंड झालेल्या असत.

“मास्तर, ही रेती बघा. इतकी सरळ रेघेत कशी बसली असेल?”

हेडमास्तरांनी पंख न्याहाळला. त्यांना न येणारा विषय अजून निघायचा होता. “वारा सरळच वाहतो,” ते म्हणाले. “खिडकीतून विशिष्ट कोनात आला, टेबलाला धडकला, रेती इथे बसली. साधं शास्त्र आहे. पॉलिश पेपर आणा.”

पॉलिश पेपरने रेती निघायला लागली, पण त्याबरोबर कागदही निघायला लागला. तेव्हा हेडमास्तर म्हणाले की हे नाजूक काम आहे, नाजूक माणूस पाहिजे, आणि तळमजल्यावरच्या पार्लरवाल्या बाईंना हाक मारून आले. बाई कानस, चिमटा आणि कापसाचा डबा घेऊनच वर आल्या. त्यांनी पंखाकडे अशा नजरेने पाहिलं की लखोटेरावांना पंखाचीच लाज वाटली.

“कोणी केलं हो हे असं? किती रफ ठेवलंय!”

“वाऱ्याने,” हेडमास्तर म्हणाले.

बाईंचा हात खरोखर हलका होता. तासाभरात त्यांनी अर्धी पट्टी कण-कण सोडवली. निघालेली रेती लखोटेराव कागदावर गोळा करत होते; टाकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सगळं नीट चाललं होतं, आणि नीट चाललेल्या कामात माणसाला घाई सुचते. “उरलेलं काढायला माझ्याकडे औषध आहे,” म्हणत बाईंनी नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेतलं आणि पंखाला लावलं.

थर्माकोलला हे पाणी चालत नाही, हे तिघांनाही त्या दिवशी कळलं. कागदाखालून बारीक चर्र असा आवाज आला आणि पंखाला वाटीएवढा खड्डा पडला.

“माझ्याकडे माणसं येतात त्यांना असं कधी झालं नाही,” बाई म्हणाल्या.

मग उरलेली रेती चिमट्यानेच काढली आणि खड्ड्यात भिंतीची पुट्टी भरली. पुट्टी करडी दिसू लागली म्हणून गॅलरीच्या कठड्याचा उरलेला पांढरा रंग लावला. एका पंखावर एकच पांढरा डाग बरा दिसेना, म्हणून अख्खा पंखच रंगवला. रंग वाळेना म्हणून बाईंनी केस वाळवायचं यंत्र आणलं, आणि ते धरून उभं राहायचं काम हेडमास्तरांना दिलं. ते त्यांनी पाऊण तास एकही सूचना न करता केलं, अशी नोंद कुठेच नाही. शेवटी बाईंनी मऊ कापडाने चोळून जी चकाकी आणली, ती पाहून तिघांनी समाधानाने मान हलवली. पंखात आता छताचा पंखा दिसत होता.

पाहुणे गेल्यावर लखोटेरावांनी रेती लखोट्यात भरली आणि सवयीने वर तपशील लिहिला. लिहिताना त्यांचा हात थांबला नाही, कारण लखोट्यावर खोटं लिहायची त्यांना कधी सवयच नव्हती. मात्र हा लखोटा कपाटात लेकीच्या हाती लागेल म्हणून त्यांनी तो आपल्या पिशवीत तळाशी टाकला. पंख चादरीत गुंडाळून त्यावर फायलीची लाल फीत बांधली. अकरा गाठी मारल्या.

“बाबा, हे काय?” संध्याकाळी लेक म्हणाली.

“धूळ बसायला नको. आता थेट तिकडेच सोडू. मी येतोय उद्या.”

ती थकली होती. तिने फॉर्मवरच्या तिन्ही सह्या पाहिल्या आणि एकदम त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. “बाबा, तुम्ही होता म्हणून झालं हं.” लखोटेरावांना त्या रात्रीचं जेवण गोड लागलं आणि तरी अर्धं पानात राहिलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये पंख दोघांच्या मांडीवर आडवा होता. विद्यापीठाच्या फाटकावर पहारेकऱ्याने वस्तू आत न्यायचा परवाना मागितला. लेकीचा चेहरा उतरला. लखोटेरावांनी शांतपणे फॉर्मची दुसरी प्रत काढली, तिच्या तळाशी छापलेली ‘साहित्यासह प्रवेश’ ही ओळ दाखवली, आणि पहारेकऱ्याने सलाम ठोकला. लेक कौतुकाने हसली. लखोटेरावांना तिथूनच घरी पळून जावंसं वाटलं.

वाऱ्याचा बोगदा म्हणजे एक लांबलचक लाकडी पेटी निघाली. एका टोकाला माणसाच्या उंचीचा पंखा, मधे काचेची खिडकी. ती सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाला मुलं वारेमामा म्हणत. त्यांनी घड्याळ पाहिलं. “दहा. चाळीस मिनिटं सुरू.”

लेकीने अकरा गाठी सोडल्या. चादर बाजूला झाली.

“वा!” वारेमामा म्हणाले. “आरसाच केलास की.”

लेकीने पंखावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुन्हा उलट.

“बाबा, रेती कुठे आहे?”

“काढली,” लखोटेराव म्हणाले. “कलम सात आहे ना, त्यात...”

“कलम सात सुट्या रेतीला आहे. ही मी चिकटवलेली होती.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “आईच्या चहाच्या गाळणीने चाळून. भिंगाखाली. कण निवडायला सहा दिवस लागले मला, मंगळवारी रात्री चिकटवली.”

लखोटेरावांना आठवडाभर चहात कचकच लागत होती. बायकोने नवी चहापूड आहे असं सांगितलं होतं.

“मंद वाऱ्यात गुळगुळीत पंखावरून वारा लवकर निसटतो बाबा. पंखाचं तोंड जरा वर केलं की वारा त्याची पाठ सोडतो, आणि मग पंख पडतो. पुढे थोडं खरखरीत असलं की वारा अडखळतो, आणि अडखळलेला वारा पंखाला जास्त वेळ धरून राहतो. माझा अख्खा प्रोजेक्ट तेवढाच होता. ती पट्टी.” आणि ती तिथल्या स्टुलावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी लेक रडली की लखोटेराव लखोटा उघडून तिला तिचेच दुधाचे दात दाखवत. आता त्यांना कुठे बघावं तेही कळेना.

“चाळीस मिनिटांत रडायची वेळ धरलेली नाही,” वारेमामा म्हणाले. “आणलंय तर चढवू. काही न मोजण्यापेक्षा काहीतरी मोजलेलं बरं.”

त्यांनी पंख काचेमागे बसवला. वारा सुटला. लेकीने डोळे पुसून आकडे लिहायला घेतले. पंखाचं तोंड एकेक अंशाने वर होत गेलं आणि अकराव्या अंशाला पंखाची उचल दाखवणारा काटा धपकन खाली आला. वाऱ्याने पाठ सोडली होती. पंख थरथरत होता.

“रेती असती तर पुढे टिकला असता,” लेक स्वतःशीच म्हणाली. “आता कोणाला पटणार?”

“रेती आहे,” लखोटेराव म्हणाले.

त्यांनी पिशवीत हात घातला आणि तळाचा लखोटा तिच्या पुढे धरला. धरल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की वर आपण काय लिहिलंय. पण तोवर ती वाचत होती. बापाचं वळणदार अक्षर: ‘लेकीच्या पंखावरील रेती. ठिकाण: जेवणाचे टेबल. कारण: खिडकी उघडी राहिली. चूक: माझी.’ खाली सही, तारीख.

तिने दोनदा वाचलं. “तुम्हाला वाटलं, तुमच्यामुळे बसली?”

“मी सांगणार होतो,” ते म्हणाले. मग तेही खरं नाही असं वाटून म्हणाले, “नाही, नव्हतो सांगणार.”

“सव्वीस मिनिटं उरली,” वारेमामा म्हणाले.

लेक उठली. पाच मिनिटांत वाळणारा गोंद तिच्या बॅगेत होता. भिंगाला वेळ नव्हता. तिने पुसून घेतलेल्या जागेवर गोंदाची पट्टी ओढली, आणि लखोटेरावांनी लखोटा तिरका धरून वरून हळूहळू रेती सोडली. “उजवीकडे कमी पडली. थांबा. आता सोडा.” एवढंच ती बोलली. चार वर्षांत दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम होतं. पट्टी वाकडी आली. पुट्टीने एक बाजू जड झाली होती. पण पुन्हा वारा सुटला तेव्हा काटा अकराला खाली आला नाही, बाराला नाही, तेराला नाही. चौदाला आला.

सगळं छान झालं असं मात्र नाही. तिला पट्टी चार वेगवेगळ्या जागी लावून मोजायची होती. तेवढा वेळ उरला नाही. जो पहिला नंबर तिच्या हाताशी होता तो गेला. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली आणि लखोटेरावांनी चादरीची घडी सात वेळा घातली. आठवडाभर घरात कामापुरतं बोलणं होतं. बायकोने एकच वाक्य ऐकवलं, “अहो, विचारायचं असतं,” आणि तेही नेहमीप्रमाणे बरोबर होतं. पार्लरवाल्या बाई मात्र जिन्यात भेटल्या की विचारत, “आवडला ना त्यांना फिनिश?”

महिन्याभराने लेकीने बांधून आणलेला अहवाल टेबलावर ठेवला. ती म्हणाली, “पास झाले. वाचायचा तर वाचा,” आणि आत गेली.

लखोटेरावांनी तो मागून उघडायचं धाडस केलं नाही. पहिल्या पानापासून वाचला. कळलं काहीच नाही, तरी एकही ओळ सोडली नाही. एकोणिसाव्या पानावर ‘त्रुटींची कारणे’ असा मथळा आला तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि मन घट्ट केलं. आपण इथे असणार. खोलीचं तापमान होतं. पंख्याची थरथर होती. पुट्टीचं वजन होतं, हातघाईने लावलेली पट्टी होती. वडील नव्हते.

त्यांनी यादी पुन्हा वाचली. मग एकेक पान उलटत शेवटच्या पानाशी आले. वर ‘परिशिष्ट’ असं लिहिलं होतं आणि खाली त्यांचा लखोटा चिकटवलेला होता. कडेला अजून चार-दोन कण अडकलेले. त्यांचंच अक्षर, त्यांचीच सही, विद्यापीठाच्या दप्तरात कायमची दाखल.

फक्त शेवटच्या दोन शब्दांवर, ‘चूक: माझी’ यावर, एक रेघ मारलेली होती. एकच, सरळ, खालचं अक्षर नीट वाचता येत होतं. आणि बाजूला, नियमाप्रमाणे, लेकीची छोटी सही आणि तारीख.

लखोटेरावांनी तारीख वाचली. ती त्या बोगद्याच्या गुरुवारचीच होती.